अण्णांचं पाल्हाळ

मदत केंद्रात सगळे त्यांना ताई म्हणत. साहेब वयाने बरेच लहान, तेही ताईच म्हणत. वर्षानुवर्षं हेडफोन लावून केसांत मधोमध एक खाच पडली होती, आणि सुट्टीच्या दिवशी कितीही तेल लावून विंचरलं तरी ती जात नसे. नळाला पाणी नाही, जिन्यातला दिवा गेला, घरात कुणी बेशुद्ध पडलं, काहीही झालं तरी शहरातला माणूस एकच नंबर फिरवायचा, आणि तो उचलण्यात ताईंची उभी हयात गेली. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणारे एकेक करून दमले, तेव्हा ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वडिलांबरोबर राहू लागल्या.

वडील म्हणजे अण्णा. धंद्याने शिंपी. दुकान कधीच बंद झालं होतं, पण शिवणयंत्र त्यांनी घरी आणून खिडकीपाशी मांडलं होतं. शेजारपाजारच्यांच्या उसवलेल्या शिवणी, तुटलेल्या चेन, आखूड झालेल्या विजारी, असलं काहीबाही घेऊन ते तिथे बसत. नजर अधू झाली तरी सुईत दोरा ओवायला त्यांना उजेड लागत नसे. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचे, बोलता बोलता दोरा पलीकडून बाहेर. लहानपणी ताईंना ती जादूच वाटायची.

अण्णांची एक खोड होती, ती आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. त्यांना काही म्हणून सरळ मागता येत नसे. चहा हवा असला की विचारणार, "ठकू, दूध नासलं तर नाही ना गं?" पाठ दुखायला लागली की खुर्चीला नावं ठेवणार. एकदा अंगात सणसणून ताप होता, तर हा गृहस्थ सकाळभर घराच्या भिंती चाचपत फिरत होता, ओल कुठून येते म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. अण्णा ताकाला जायचे आणि म्हशीची तब्येत विचारून परत यायचे.

ताई चिडल्या की ते हसून म्हणत, "अगं, गिऱ्हाईक कधी म्हणतं का, माझं पोट सुटलंय? ते म्हणतं, धुवून कापड आटलं. आपण मान डोलवायची आणि मुकाट्याने कंबर सैल करायची."

ताई कामावर गेल्या की दुपारी त्यांचा मदत केंद्राला फोन ठरलेला. तिथे काम करणाऱ्यांचे स्वतःचे मोबाइल कपाटात कुलूपबंद असत, कारण लोकांची खाजगी दुःखं बाहेर जायला नकोत. त्यामुळे अण्णा तो एकच नंबर फिरवायचे. जी मुलगी उचलेल तिची विचारपूस व्हायची, हवापाणी व्हायचं, आणि मग हळूच यायचं, "आमची लेक तुमच्याकडेच असते." मुलींना ते पाठ झालं होतं. हे वाक्य आलं की मुलगी हात उंच करून हॉलभर ओरडायची, "ताई, तुमचे अण्णा!" आणि फोन जोडून द्यायची. लेकीला बोलवा, असं अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायची वेळच कुणी आणली नाही.

मग यंत्र आलं. फोन यंत्र उचलणार, माणसाचं बोलणं यंत्र समजून घेणार आणि ज्या त्या खात्याकडे पाठवणार, असं ठरलं. पण यंत्राला भाषा शिकवायची तर ती एकदम शिकवता येत नाही, थराथराने शिकवावी लागते. म्हणून फोन उचलणाऱ्यांचा हॉल रिकामा करून तिथे पाच टेबलं मांडली. पहिल्या टेबलाने आवाजातून शब्द वेगळे करायचे. माणूस बोलताना खोकतो, धापा टाकतो, अं-अं करतो, मध्येच गप्प होतो. हे सगळं कोंड्यासारखं पाखडून टाकायचं आणि नुसते शब्द पुढे सरकवायचे. दुसऱ्या टेबलावर एक निवृत्त शाळामास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते एकेका शब्दाची जात लावून द्यायचे: हे नाम, हे क्रियापद, हा प्रत्यय सोडवला की आतला मूळ शब्द हा. तिसऱ्या टेबलाने वाक्याची गाठ उकलायची, केलं कुणी, काय केलं, कुणासाठी केलं. चौथ्याकडे अर्थ. तार तुटली म्हणजे विजेची तुटली की कपडे वाळत घालायची, हे त्यांनी आजूबाजूचं बघून ठरवायचं. आणि शेवटच्या पाचव्या टेबलापुढे एकच प्रश्न: हे सगळं ठीक आहे, पण या माणसाला हवंय काय? त्या टेबलाच्या प्रमुख ताई.

प्रत्येक टेबलाला मागच्याने दिलं तेवढंच दिसायचं. पहिल्याने पाखडून टाकलेला कोंडा पाचव्याला परत मागता येत नसे. आवाज तर शब्द निघाले की पुसूनच टाकत, तेही लोकांच्या भल्यासाठीच.

ताईंनी घरी हे सांगितलं तेव्हा अण्णांना फार आवडलं. "म्हणजे आमच्यासारखंच की! माप, कापणी, कच्चा टाका, पक्की शिलाई. पण ठकू, शेवटी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघता ना? त्याशिवाय कपडा झाला असं म्हणू नये."

"ते माझं टेबल, अण्णा. पाचवं."

"मग हरकत नाही," अण्णा म्हणाले आणि सुईत दोरा ओवला.

पाचव्या टेबलावर शिक्के मोजकेच होते. तक्रार, चौकशी, मदत हवी. पण कितीतरी फोन यांपैकी कशातच बसेनात. एकटी माणसं, म्हातारी माणसं, दुपारची झोप न येणारी माणसं नुसतं बोलायला फोन करत. पूर्वी मुली ते ऐकून घेत, यंत्रालाही ऐकायला काही जड नव्हतं. पण एका दुपारी एका घरात आग लागली आणि घरच्यांना लाइनच मिळेना, कारण सगळ्या लाइनींवर हवापाणी चाललं होतं. आग विझली, पण त्या घरातली आजी भाजली. त्यानंतरच्या बैठकीत ताईंनी चौथा शिक्का सुचवला आणि त्याला नावही त्यांनीच दिलं, पाल्हाळ. बोलणं बरंच पुढे गेलं आणि त्यात मागणी अशी काही दिसेना, तर यंत्राने अदबीने निरोप घेऊन फोन ठेवायचा. नियम वाईट नव्हता. आगीतल्या आजीला आठवून कुणीही शहाण्या माणसाने तोच केला असता.

पण यंत्र नियम वाचून शिकत नाही, नमुने बघून शिकतं. पाल्हाळाचे नमुने हवेत, तेही भरपूर. त्यासाठी ताईंना लांब जावं लागलं नाही, घरातच खाण होती. दुपारी फोनवर आपण काय काय बोललो ते अण्णा रोज संध्याकाळी रंगवून सांगत, ते त्या लक्षात ठेवत आणि सकाळी टाइप करत. काही विशेष नाही, सहज केला. तुमच्याकडे पाणी येतं का वेळेवर? आमची लेक तुमच्याकडेच असते. शेकडो वाक्यं झाली. गुरुजी रोज विचारायचे, "काय ताई, आज खाणीतून काय निघालं?" आणि सगळा हॉल हसायचा. ताईही हसायच्या. त्यात वाईट हेतू नव्हता, उलट माया होती, आणि नेमकं हेच पुढे त्यांना सहन झालं नाही.

अण्णांना याचा सुगावा लागला तेव्हा ते हरखून गेले. "माझं बोलणं घातलंस यंत्रात? कशाचा नमुना म्हणून?"

"चांगल्या बोलण्याचा," ताई म्हणाल्या. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून अण्णांनी यंत्राला नात मानलं. तू शिकवलंस, माझं बोलणं शिकली, म्हणजे नातच झाली की, असं त्यांचं गणित. दुपारचा फोन चालूच राहिला, आता नातीला. ती चार वाक्यं ऐकायची आणि म्हणायची, "आपल्याशी बोलून आनंद झाला. आपला दिवस चांगला जावो." अण्णा संध्याकाळी कौतुकाने सांगायचे, "फार गुणी आहे पोरगी. कधी आवाज चढवत नाही." पण लेकीला फोन जोडून देणं नातीला कुणी शिकवलं नव्हतं. ताईंच्या ते ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी घरी भेट होतेच, असं त्या मनात म्हणत.

ज्या दिवशी अण्णा गेले त्या दिवशी वारं भन्नाट सुटलं होतं. ऑफिसच्या खिडक्या आपटत होत्या, गुरुजींच्या टेबलावरचा कागद उडून पार जिन्यात गेला आणि ताई त्यावरून हसल्या होत्या. संध्याकाळी जिना चढून आल्या तर दार उघडं, आत शेजारच्या काकू आणि डॉक्टर. अण्णा शिवणयंत्राच्या खुर्चीतच बसलेले, मान खांद्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारपासून त्रास होत असणार. वेळेवर कळलं असतं तर निदान प्रयत्न तरी करता आला असता.

सगळं आटोपल्यावर, येणारीजाणारी माणसं थांबल्यावर, काकू ताईंजवळ येऊन बसल्या.

"एक सांगू का? मनाला लावून घेऊ नका. मी दुपारी डबा परत द्यायला आले होते. अण्णा तुमच्या ऑफिसला फोनवर बोलत होते. नेहमीसारखंच."

"काय बोलत होते?"

"ते काही नीटसं ऐकलं नाही हो. थांबत थांबत बोलत होते. शेवटी 'तुझाही, बाळ' म्हणाले आणि फोन ठेवला. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, छे, आज हवाच कोंदट आहे. मला आपलं वाटलं, काय हे, बाहेर वारं एवढं सुटलंय, पडदे उडतायत, आणि हे म्हणतात कोंदट. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही बघा."

काकू रडायला लागल्या. ताई रडल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला होता, आणि तो विझवायची काही सोय नव्हती.

त्या लगेच कामावर रुजू झाल्या. लोकांना वाटलं, मन रमवायला आल्या. खरं तर ताई अण्णांच्या त्या शेवटच्या फोनची वाट बघत होत्या. यंत्राने ऐकलेल्या बोलण्यांपैकी बरीचशी तपासायला टेबलांवर येत, नाव नाही, नंबर नाही, नुसते शब्द. अण्णांचं बोलणं येईल की नाही याची खात्री नव्हती. त्या स्वतःच्या वाट्याचं संपवून दुसऱ्यांचंही काम ओढून घ्यायच्या. जेवणाची सुट्टीही घेत नसत. त्यांना एवढंच हवं होतं, की अण्णांनी शेवटी जे मागितलं ते मागणं म्हणून कुठेतरी नोंदलं जावं. अण्णा काही परत येणार नव्हते. पण त्यांचं शेवटचं बोलणं वायफळ ठरू नये, इतकं तरी.

आणि एका सकाळी ते आलं.

"नमस्कार. काय म्हणतेस बाळ. कामात आहेस का. आज वाराच नाही बघ कुठे. खिडकी उघडली तरी नाही. सुईत दोरा जाईना सकाळपासून. काही विशेष नाही. आमची लेक तुमच्याकडेच असते. असू दे."

सगळ्या थरांवर काम चोख झालं होतं. शब्द बरोबर तोडलेले. सुई नाम, दोरा नाम. दोरा जात नाही, कशात, तर सुईत. तीही गाठ बरोबर सुटलेली. लेक म्हणजे मुलगी, हेही कळलेलं. आणि खाली यंत्राचा शिक्का, पाल्हाळ. खात्री जवळजवळ पूर्ण.

ताईंनी ते वाचलं आणि पदराने तोंड दाबून घेतलं. अंधारात दोरा ओवणाऱ्या माणसाला दोरा ओवता येत नव्हता. वादळात बसून त्याला वारा मिळत नव्हता. हे या जगात एकाच बाईला कळण्यासारखं होतं, आणि ती तेव्हा त्याच इमारतीत बसून उडालेल्या कागदाला हसत होती. त्या उठून पहिल्या टेबलाकडे गेल्या, आवाज मिळेल का विचारायला. आवाज पुसलेला होता. धापा, थांबणं, श्वास, सगळं गेलेलं. नोंद एवढीच उरली होती: कोंडा जास्त.

परत येऊन त्यांनी शिक्का बदलला. मदत हवी.

बदललेला शिक्का दुसऱ्या कुणीतरी पडताळायचा, हाही ताईंनीच घातलेला दंडक. त्या दिवशी पाळी गुरुजींची होती. दुपारी ते वाक्य परत आलं, पुन्हा पाल्हाळ होऊन, सोबत शेरा: "मागणी आढळत नाही. नमुना पाहावा." आणि नमुना कोणता, तर खाणीतलाच. काही विशेष नाही, सहज केला.

ताई गुरुजींच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी वर बघितलं, मग पुन्हा पडद्यावरचं वाक्य वाचलं, सावकाश, आणि सुईपाशी थांबले. त्यांचा चेहराच उतरला.

"ताई... अण्णा?"

ताईंनी मान हलवली.

"मला कसं कळणार हो," गुरुजी म्हणाले, पण स्वतःलाच.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब माणूस चांगला. त्यांनी ताईंना बसवलं, पाणी दिलं, ते वाक्य दोनदा वाचलं.

"मला वाईट वाटतंय, ताई. मनापासून. पण तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, समोर आलेल्या शब्दांवरून ठरवायचं, नंतर काय झालं त्यावरून नाही. यात त्यांनी मागितलंय काय?"

"मला बोलावलंय."

"कुठे?"

ताईंनी बोट ठेवलं. आमची लेक तुमच्याकडेच असते. "ते असंच बोलवायचे. मुली मला हाक मारायच्या. मुलींना कळायचं, साहेब. मलाही कळत होतं. आणि मीच हे वाक्य पाल्हाळात घातलं. एकदा नाही, पन्नासदा घातलं असेल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "मदत हवी असंच ठेवू. माझी सही घ्या." त्यांनी नियम मोडला, आणि तो कुणासाठी मोडला हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून खाणीबद्दल कुणी बोललं नाही.

नवे नमुने घालून यंत्राला पुन्हा शिकवलं गेलं. नव्याने शिकलेलं यंत्र सुरू झालं त्या दिवशी ताईंनी रजा घेतली. दुपारी त्या अण्णांच्या खुर्चीत बसल्या. शिवणयंत्रावर कुणाची तरी अर्धी शिवलेली विजार अजून तशीच होती, सुई कापडात रुतलेली, दोऱ्याविना. ताईंनी नंबर फिरवला.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?" तोच शांत आवाज.

ताईंनी अण्णांचं बोलणं शब्दन् शब्द म्हटलं. काय म्हणतेस बाळ. कामात आहेस का. वाराच नाही बघ कुठे. सुईत दोरा जाईना सकाळपासून. म्हणताना त्यांचा आवाज फाटला, मध्ये मध्ये थांबावं लागलं, पण तो सगळा कोंडा. आमची लेक तुमच्याकडेच असते, एवढं म्हणून त्या थांबल्या आणि फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.

यंत्राने सगळं ऐकलं. एका पारड्यात साहेबांच्या सहीचं अण्णांचं एक बोलणं होतं. दुसऱ्यात अण्णांचीच शेकडो बोलणी होती, धडधाकट दुपारची, हसतखेळत केलेली, आणि ती सगळी ताईंनी स्वतःच्या हाताने मोठ्या हौसेने तिथे टाकली होती.

"आपल्याशी बोलून आनंद झाला," ती गुणी पोरगी म्हणाली. "आपला दिवस चांगला जावो."

"तुझाही, बाळ," ताई म्हणाल्या. पण तोवर फोन बंद झाला होता.